विजेची करवत आणि फांद्या बारीक करणारे यंत्र : परसबागेतील उपयोग, मर्यादा आणि खबरदारी

गोमंतकातील घराभोवती थोडी जागा असली की तीत चार माड, एखादा आंबा, एखादा फणस, कुंपणाला गिरिपुष्प आणि मागच्या बाजूला केळी ही मांडणी जवळजवळ ठरलेलीच असते. या झाडांची निगा पूर्वी पाडेली, कोयता आणि कुऱ्हाड यांच्या बळावर होत असे. आज पाडेली वेळेवर मिळत नाही, फांद्या तोडणारा माणूस मिळाला तरी तोडलेला माल उचलून नेणारा मिळत नाही आणि पावसाळा तोंडावर आला की सर्वांनाच एकाच वेळी माणसे हवी असतात. या अडचणीतून दोन यंत्रे घरगुती वापरात आली आहेत. एक म्हणजे विजेवर किंवा बॅटरीवर चालणारी साखळीची करवत, जिला सर्वजण चेनसॉ म्हणतात, आणि दुसरे म्हणजे फांद्या व पाने बारीक करणारे यंत्र, ज्याला बाजारात चिपर किंवा श्रेडर म्हणतात.

ही यंत्रे घेतलेल्या घरमालकांचा अनुभव संमिश्र असतो. करवतीविषयी समाधान अधिक आणि भीती कमी असते, प्रत्यक्षात ती भीती अधिक असावयास हवी. चिपरविषयी अपेक्षा मोठ्या असतात आणि निराशाही तितकीच मोठी होते, मात्र ती बहुधा चुकीच्या प्रकारचे यंत्र घेतल्यामुळे. दोन्ही यंत्रांचे स्वरूप, त्यांच्याकडून काय होते व काय होत नाही, आणि आपल्या हवामानात व आपल्या झाडांच्या बाबतीत कोणती काळजी घ्यावी, याचा हा आढावा.

यंत्रांची पूर्वपीठिका

साखळीला दाते बसवून ती फिरवत कापण्याची कल्पना प्रथम शल्यचिकित्सेत आली. १८३० मध्ये जर्मनीतील बर्नहार्ड हाइने याने हाड कापण्यासाठी हाताने फिरवावयाचे असे उपकरण तयार केले होते. लाकडासाठी मोटरवर चालणारी साखळी-करवत आंद्रेआस श्टील याने १९२६ मध्ये जर्मनीतच बनवली, आणि ती विजेवर चालणारी होती, हे अनेकांना ठाऊक नसते. ती उचलण्यास दोन माणसे लागत. पेट्रोलची करवत एमिल लेर्प याने त्यानंतर वर्षभरात आणली आणि जंगलात वीज नसल्यामुळे पुढे पेट्रोलचेच राज्य झाले.

आजच्या साखळीचा आकार मात्र अमेरिकेतील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याला सुचला. १९४६ मध्ये एका बुंध्यात लाकूड पोखरणारी अळी त्याने पाहिली. ती डावीकडे व उजवीकडे आळीपाळीने जबडा चालवत लाकूड कापत होती. साखळीचे दाते एकाआड एक डाव्या-उजव्या बाजूला वळवण्याची रचना त्यावरून आली आणि ती आजही प्रत्येक घरगुती करवतीत तशीच आहे. साखळी झटक्यात थांबवणारा स्वयंचलित ब्रेक १९७० च्या दशकात रूढ झाला, आणि सामान्य माणसाच्या हाती ही करवत देणे काहीसे शक्य झाले ते त्यामुळे.

तारेची करवत की बॅटरीची

घरगुती वापराच्या तारेच्या करवती साधारणपणे १६०० ते २४०० वॅटच्या आणि १४ किंवा १६ इंची बारच्या असतात. बार म्हणजे ज्याभोवती साखळी फिरते ते लांब पाते. अशा करवतीचे वजन चार ते पाच किलोच्या आसपास असते. ती किमतीला स्वस्त, देखभालीला सोपी आणि वीज आहे तोवर न थकणारी असते. पेट्रोलची करवत पडून राहिली की कार्ब्युरेटर तुंबतो आणि वर्षातून दोनदा काम असलेल्या घरमालकाला दर वेळी दुकान गाठावे लागते. विजेच्या करवतीत ही कटकट नाही.

तारेची करवत जिथवर तार पोहोचते तिथवरच चालते. तिची खरी मर्यादा मात्र वादळाच्या दिवशी कळते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा झाडे घरांवर, रस्त्यांवर आणि वीजवाहिन्यांवर कोसळली आणि अनेक भागांत वीजपुरवठा खंडित राहिला. झाड पडते तेव्हाच वीज जाते. म्हणजे करवतीची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच वेळी तारेची करवत निरुपयोगी ठरते.

बॅटरीची करवत ही अडचण दूर करते, पण तिच्या क्षमतेचा हिशेब आधी करून पाहावा. बॅटरीवरील व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार केला की तिच्यात साठलेली ऊर्जा वॅट-तासांत कळते. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची बॅटरी ९० वॅट-तासांची असते. जाड लाकूड कापताना करवत १००० वॅट ओढत असेल, तर सलग कापण्याचा वेळ जेमतेम पाच मिनिटे मिळतो. फांद्या तोडताना करवत मधूनमधून चालते, त्यामुळे प्रत्यक्ष काम यापेक्षा बरेच होते. तरीही पडलेला आंबा एका बॅटरीत कापून होईल, ही अपेक्षा ठेवू नये. वर्षातून चार-सहा वेळा फांद्या छाटण्यासाठी ३६ किंवा ४० व्होल्टची करवत आणि दोन बॅटऱ्या हा बहुतेकांना पुरेसा ठरणारा संच आहे. चार ते सहा इंची छोट्या छाटणी-करवती अलीकडे बऱ्याच घरांत दिसतात. मनगटाएवढ्या फांद्यांसाठी त्या उत्तम असतात. मात्र त्या एका हाताने चालवता येतात म्हणून दुसऱ्या हाताने फांदी धरण्याचा मोह होतो, आणि जखम होते ती त्याच हाताला.

लिथियमच्या बॅटऱ्यांना उष्णता सोसत नाही. उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद मोटारीत त्या ठेवू नयेत. दीर्घकाळ वापर नसेल तर निम्म्या चार्जवर, घरातील कोरड्या जागी ठेवाव्यात. मात्र मेअखेरीस त्या पूर्ण चार्ज करून ठेवाव्यात, कारण पहिल्या वादळाची सूचना फार आधी मिळत नाही.

वीजजोडणीचा हिशेब

विजेच्या करवतीविषयी आणि चिपरविषयी सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘यंत्रात जोर नाही’. पुष्कळदा दोष यंत्राचा नसून तारेचा असतो. २००० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर वीज ओढते. ते घरातल्या पंख्या-दिव्याच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवणे अयोग्य आहे. त्यासाठी १६ अँपिअरचे सॉकेट आणि खरे अर्थिंग हवे.

दुसरा प्रश्न जोडतारेचा. ३० मीटर लांबीची, १ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घेतली, तर ९ अँपिअरला तीत सुमारे १० व्होल्ट खर्ची पडतात. तीच तार २.५ चौरस मिलिमीटरची असेल तर घट ४ व्होल्टच्या आसपास राहते. गावात संध्याकाळी मुळातच व्होल्टेज २०० पर्यंत उतरत असेल, तर बारीक तारेमुळे मोटर आणखी गुदमरते, तापते आणि शेवटी जळते. म्हणून बाजारातील पातळ एक्स्टेन्शन बोर्ड या कामासाठी वापरू नये. तीन तारांची, जाड रबरी आवरणाची तार इलेक्ट्रिशियनकडून तयार करून घ्यावी. तार गुंडाळीवर असेल तर ती पूर्ण उलगडावी. गुंडाळलेली तार भाराखाली तापते आणि तिचे आवरण वितळू शकते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वीजगळती ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण, ज्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. ३० मिलिअँपिअर गळतीला तोडणारे उपकरण बागेतील प्रत्येक विजेच्या यंत्रामागे असलेच पाहिजे. करवत चालवणाऱ्याच्या हातून स्वतःचीच तार कापली जाणे ही सर्रास घडणारी गोष्ट आहे. एमसीबी अशा वेळी माणसाला वाचवतोच असे नाही, कारण तो तारेच्या रक्षणासाठी असतो. पाऊस पडत असताना, गवत ओले असताना किंवा पायाखाली पाणी असताना तारेचे यंत्र चालवू नये. तार नेहमी उजव्या खांद्यावरून पाठीमागे सोडावी, म्हणजे ती साखळीच्या वाटेत येत नाही.

धार, ताण आणि तेल

नवी करवत लोण्यातून सुरी जावी तशी चालते आणि महिनाभराने तीच करवत धूर काढू लागते, हा अनुभव जवळजवळ सार्वत्रिक आहे. कारण एकच असते, साखळीची धार गेलेली असते. जमिनीवर पडलेला ओंडका कापताना साखळी क्षणभर मातीला किंवा चिऱ्याला लागली तरी धार बोथट होते. आपल्या तांबड्या मातीत खडे असतात आणि ओढून आणलेल्या ओंडक्याच्या सालीत ती माती भरलेली असते. म्हणून ओंडका आधी दुसऱ्या लाकडावर उचलून ठेवावा आणि साल झाडून घ्यावी.

धारदार साखळी लाकडाचे जाड कपचे बाहेर टाकते, बोथट साखळी बारीक पीठ टाकते. पीठ दिसू लागले की थांबावे. जोर देऊन कापू नये. घरगुती करवतींमध्ये बहुधा तीन-अष्टमांश इंची, कमी उंचीच्या दात्यांची साखळी असते. तिला ४ मिलिमीटर जाडीची गोल कानस लागते. प्रत्येक दाताला सारख्याच कोनात, बहुधा ३० अंशांत, आणि सारखेच घास मारावेत. एका बाजूचे दाते अधिक घासले गेले तर करवत वाकडी कापू लागते. कानस धरण्याची पट्टी स्वस्तात मिळते आणि नवख्या माणसाने ती घ्यावीच. बदलीची साखळी घेताना बारची लांबी सांगणे पुरत नाही. दात्यांमधील अंतर, बारच्या खाचेची रुंदी आणि खाचेत बसणाऱ्या कड्यांची संख्या हे तिन्ही आकडे जुळावे लागतात. ते बहुधा बारवर कोरलेले असतात.

साखळीचा ताण असा असावा की ती बारखाली लोंबत नाही, पण मोजा घातलेल्या हाताने सहज ओढता येते. नवी साखळी पहिल्या अर्ध्या तासात सैल होते, तेव्हा यंत्र बंद करून, तार किंवा बॅटरी काढून ती पुन्हा ताणावी. काम संपल्यावर ताण थोडा सोडावा, कारण तापलेली साखळी थंड होताना आखडते.

विजेच्या करवतीला इंधन लागत नसले तरी साखळीसाठी तेल लागते, हे कित्येकांना साखळी लाल होईपर्यंत कळत नाही. यासाठी चिकट, न उडणारे ‘बार ऑइल’ मिळते. गॅरेजमधील जळके तेल वापरण्याची पद्धत आपल्याकडे आहे. त्यात धातूचे कण असतात, ते पंप खराब करते, आणि तुषार होऊन कातडीवर व विहिरीकाठच्या मातीवर पडते. खोबरेल तेलाचा विचार सुचणे गोमंतकात स्वाभाविक आहे, पण ते २४ अंशांच्या आसपास गोठू लागते आणि डिसेंबरातील सकाळी तेलाची वाट बुजवते. तेल येते की नाही हे पाहण्यासाठी करवतीचे टोक पुठ्ठ्यासमोर धरून काही क्षण चालवावे. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. ठेवून दिलेल्या करवतीखाली तेलाचे थारोळे साचते ही तक्रार नेहमीचीच आहे. तो बहुधा बिघाड नसतो. टाकी रिकामी करून यंत्र ठेवले की प्रश्न मिटतो.

उसळी आणि इतर धोके

करवतीच्या बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला लागला की साखळी अडते आणि संपूर्ण बार क्षणार्धात वर व मागे, चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे उसळतो. ही उसळी डोळ्यांची पापणी लवण्याच्या आत येते आणि माणसाला ती हाताने थोपवता येत नाही. म्हणून ती येऊच नये अशी पद्धत ठेवावी लागते. टोकाने कापू नये. दोन्ही हातांनी धरावे व डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून पूर्ण वळवलेला असावा. बारच्या सरळ रेषेत डोके आणू नये. खांद्याच्या उंचीच्या वर कापू नये. शिडीवर उभे राहून करवत चालवणे हा तर सर्व नियमांचा एकाच वेळी भंग आहे. फांदी तुटली की ती शिडीवर आदळते किंवा भार गेल्याने झाड हेलकावते, आणि माणूस चालत्या करवतीसह खाली येतो. उंचावरील फांद्यांसाठी लांब दांड्याची करवत जमिनीवरून वापरावी, नाहीतर जाणत्या माणसाला बोलवावे.

विजेच्या करवतीचा आवाज कमी असल्यामुळे ती निरुपद्रवी वाटते. इंजिनाची धडधड नसली तरी साखळी सेकंदाला दहा मीटरहून अधिक वेगाने धावत असते. हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा, कानांवर बोळे आणि पायांत चामडी बूट हे किमान साहित्य आहे. लुंगी किंवा चप्पल घालून हे काम करू नये. मांड्यांसाठी मिळणारी धागेदार संरक्षक वस्त्रे प्रामुख्याने पेट्रोलच्या करवती अडवण्याच्या हिशेबाने बनलेली असतात. विजेच्या मोटरचा जोर सुरुवातीपासूनच पूर्ण असल्याने ती करवत त्यांनी थांबेलच याची खात्री नसते.

पडलेले झाड उभ्या झाडाहून अधिक फसवे असते. दोन्ही टोकांना टेकलेल्या ओंडक्याची वरची बाजू दाबाखाली आणि खालची ताणाखाली असते. अशा वेळी आधी वरून एक-तृतीयांश कापून मग खालून कापावे. एकाच टोकाला टेकलेला आणि दुसरीकडे अधांतरी असलेला ओंडका याच्या उलट वागतो. त्याला आधी खालून, मग वरून कापावे. हा क्रम चुकला तर बार लाकडात अडकतो किंवा ओंडका फाटून उसळतो. झाडावर किंवा झाडाखाली वीजवाहिनी असेल तर ती मृत आहे असे गृहीत धरू नये. वीज खात्याने पुरवठा तोडल्याची खात्री होईपर्यंत झाडापासून दूर राहावे.

चीक आणि विषारी रस यांचाही विचार करावा. आंब्याच्या आणि काजूच्या चिकाने अनेकांच्या अंगावर फोड उठतात, आणि करवत तो चीक तुषाररूपाने उडवते. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि काम संपताच साबणाने धुणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. फणसाचा चीक साखळीवर वाळला की दगडासारखा होतो. तो ओला असतानाच तेलाच्या फडक्याने पुसावा.

माड ही वेगळीच बाब

माडाचे खोड लाकडासारखे दिसले तरी त्याची रचना आंब्या-फणसाहून भिन्न आहे. त्यात वर्षागणिक वाढणारी वलये नसतात, धाग्यांचे जुडगे असतात. बाहेरचा थर अत्यंत कठीण आणि गाभा मऊ असतो. कापताना लांब धागे निघतात आणि साखळीच्या चक्रावरील झाकणात गच्च भरतात. दर काही कापांनंतर बॅटरी किंवा तार काढून झाकण उघडून ते साफ करावे लागते.

उभ्या, जिवंत माडाच्या खोडाला करवतीची जखम होऊ देऊ नये. माडाला साल भरून येण्याची सोय नाही, जखम आयुष्यभर राहते. ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो आणि तिथे अंडी घालतो. त्याच्या अळ्यांनी खोड आतून पोखरले की बाहेरून कळेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. हिरव्या झावळ्या ‘स्वच्छता’ म्हणून तोडणेही चुकीचे आहे. निरोगी माडाच्या शेंड्यावर तीसच्या वर झावळ्या असतात आणि त्यांच्याच अन्नावर घड पोसले जातात.

चिपर : कोणते यंत्र काय करते

फांद्यांचे बारीक तुकडे करणारे यंत्र जर्मनीतील पीटर जेन्सन याने १८८४ मध्ये तयार केले असे मानले जाते. आजची घरगुती विजेची यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात वेगाने फिरणाऱ्या तबकडीवर दोन सुऱ्या असतात. हे यंत्र स्वस्त आणि वेगवान असते, पाने व पातळ काटक्या चांगल्या कापते, पण कर्कश वाजते आणि फांदी हाताने आत ढकलावी लागते. दुसऱ्या प्रकारात सावकाश फिरणारा दातेरी रूळ फांदी स्वतःच आत ओढतो आणि एका पट्टीवर चिरडून तोडतो. हे शांत असते, शेजाऱ्यांशी संबंध टिकवते आणि जाड काटक्यांना चांगले, पण ओल्या पानांनी आणि लवचीक वेलींनी ते तुंबते.

दोन्ही प्रकारांत ‘४० किंवा ४५ मिलिमीटर जाडीपर्यंत’ असे लिहिलेले असते. हा आकडा ताज्या, सरळ, मऊ फांदीचा मानावा. वाळलेली काजूची किंवा चिंचेची फांदी त्याच्या निम्म्या जाडीलाच यंत्र अडवते. म्हणून फांद्या तोडल्यानंतर दोन-चार दिवसांतच बारीक कराव्यात.

यंत्राच्या पाटीवरील आणखी एक खूण वाचण्याची सवय लावावी. वॅटच्या आकड्याशेजारी एस६ आणि ४० टक्के असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ दर दहा मिनिटांत चार मिनिटेच पूर्ण भार आणि उरलेला वेळ रिकामे फिरणे, या हिशेबाने तो आकडा दिलेला आहे. एस१ म्हणजे अखंड भार. २५०० वॅटचे एस६ यंत्र सलग तासभर फांद्या खाईल ही अपेक्षा चुकीची आहे. ते तापून बंद पडते तेव्हा ते बिघडलेले नसते, स्वतःला वाचवत असते.

रुळाच्या यंत्रातून फांद्या तुटून न येता माळेसारख्या चिरडून लोंबत येऊ लागल्या, तर पट्टी रुळापासून दूर गेलेली असते. बाजूचा खटका फिरवून, यंत्र चालू असताना, धातूचा अगदी बारीक कीस दिसेपर्यंत ती जवळ आणावी. ही साधी जुळणी माहीत नसल्याने कित्येक यंत्रे अडगळीत जातात. तबकडीच्या यंत्रातील सुऱ्या पुष्कळदा दुधारी असतात. एक धार गेली की उलटवून लावता येतात. अडकलेला माल काढण्यासाठी नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, सॉकेटमधून पिन काढूनच झाकण उघडावे. हात कधीही तोंडात घालू नये. ढकलण्यासाठी काठी किंवा दुसरी फांदी वापरावी.

झावळ्या : खरी परीक्षा

एक माड वर्षाला साधारण बारा ते चौदा झावळ्या टाकतो आणि एकेक झावळ चार ते सहा मीटर लांब असते. दहा माडांच्या भाटात वर्षाला शंभराहून अधिक झावळ्या जमतात. विणकाम, माटव आणि चूल यांसाठी होणारा त्यांचा उपयोग घटल्याने त्यांचा ढीग हीच अनेकांची मुख्य अडचण असते आणि चिपर घेण्यामागचा हेतूही तोच असतो.

नेमके इथेच छोटे घरगुती यंत्र अपुरे पडते, कारण ते युरोपातील कुंपणाच्या काटक्यांसाठी बेतलेले आहे. झावळीची पाती रुळाभोवती दोरीसारखी गुंडाळली जातात आणि देठाचा रुंद बुडखा तोंडातून आतच जात नाही. अनुभवी वापरकर्ते यातून एक वाट काढतात. झावळ्या आठवडाभर वाळवायच्या, पाती कोयत्याने देठापासून सोडवायच्या, पाती थेट आळ्यात अंथरायच्या आणि फक्त देठाचा बारीक भाग यंत्रात घालायचा. बुडखे सरपणाला किंवा बांधाला वापरायचे. भाट मोठे असेल तर तीन किंवा अधिक अश्वशक्तीच्या मोटरवर चालणारे, सुऱ्या आणि हातोड्यांचे शेतीचे श्रेडरच घ्यावे. ते एकट्याने परवडत नसेल तर दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून घेणे व्यवहार्य ठरते. अशा यंत्रांना अनुदान आहे का, याची चौकशी आपल्या विभागीय कृषी कार्यालयात खरेदीपूर्वी करावी. खरेदीनंतर केलेल्या अर्जाचा बहुधा उपयोग होत नाही.

भुग्याचा उपयोग

फांद्यांचा भुगा हे झाडांच्या मुळांवर घालण्याचे उत्तम आच्छादन आहे. पाच ते दहा सेंटिमीटरचा थर उन्हाळ्यात ओल टिकवतो आणि तण रोखतो. तो खोडाला टेकवू नये, वीतभर जागा मोकळी सोडावी, अन्यथा बुंधा कुजतो आणि वाळवीला वाट मिळते. ताजा भुगा मातीत मिसळू नये. तो कुजताना मातीतील नत्र ओढून घेतो आणि झाडे पिवळी पडतात. पृष्ठभागावर अंथरला तर हा त्रास फारसा होत नाही. गिरिपुष्पाच्या पानांत नत्र भरपूर असल्याने त्याचा भुगा इतर भुग्यात मिसळल्यास खत लवकर होते.

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत. या काळात भुग्याचा ढीग उघडा ठेवणे धोक्याचे असते. कुजणाऱ्या ढिगात आणि माडाच्या सडणाऱ्या ओंडक्यांत गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि तोच पुढे माडाचा कोवळा शेंडा पोखरतो. ढीग महिन्यातून एकदा उलटून पांढऱ्या, जाड अळ्या वेचाव्यात. या अळ्यांवर मेटारायझियम ही उपकारक बुरशी वापरली जाते. तिच्याविषयी मार्गदर्शन कृषी कार्यालयात किंवा जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत घेता येते. ढीग उचकताना साप आणि विंचू यांचे भान ठेवावे, हात न घालता फावडे वापरावे.

पालापाचोळा पेटवून देणे हा जुना उपाय आता कायद्याला धरून राहिलेला नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी घालून दंड ठरवला, आणि त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांत बागेतील कचरा आपल्या आवारात वेगळा ठेवण्यास सांगितले गेले.

झाड आपले, परवानगी सरकारची

करवत हाती आली म्हणजे झाड तोडण्याचा अधिकार आला असे नाही. गोवा, दमण आणि दीव वृक्षसंरक्षण कायदा, १९८४ नुसार स्वतःच्या खाजगी जागेतील झाड तोडण्यासाठीही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात नवी झाडे लावण्याचे बंधन येते. २०१६ मध्ये या कायद्याच्या व्याख्येतून माड वगळण्यात आला तेव्हा राज्यभर विरोध झाला आणि पुढे त्याला संरक्षण परत देण्यात आले. त्यामुळे ‘माड म्हणजे झाड नव्हे’ हा त्या काळातील समज आज धरून चालू नये. झाड धोकादायक झाले असेल तर आधी छायाचित्रे काढून वन खात्याकडे अर्ज करावा. झाड पडून रस्ता अडला असेल किंवा घरावर कोसळले असेल, तर अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे.

खरेदीपूर्वी पाहावयाच्या गोष्टी

पहिला विचार कामाच्या प्रमाणाचा. वर्षातून एकदाच मोठे काम निघत असेल तर यंत्र विकत घेण्याऐवजी यंत्रासह माणूस बोलावणे स्वस्त पडते. नियमित छाटणी असेल तर बॅटरीची मध्यम करवत पुरते. माडांचे भाट असेल तर करवतीपेक्षा श्रेडरचा विचार आधी करावा.

दुसरा विचार सुट्या भागांचा. साखळी, बार, सुऱ्या आणि बॅटरी स्थानिक बाजारात मिळतात का, हे दुकानात प्रत्यक्ष विचारावे. ऑनलाइन स्वस्तात मिळालेल्या अनोळखी यंत्राची साखळी दुसऱ्या वर्षी कुठेच मिळत नाही, ही तक्रार वारंवार ऐकू येते. साखळीचा ब्रेक नसलेली करवत कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. दुकानातच ब्रेक पुढे ढकलून साखळी थांबते का ते पाहावे.

तिसरा विचार किमतीच्या खऱ्या बेरजेचा. करवतीसोबत हेल्मेट, चष्मा, बूट, तेल, एक जादा साखळी, कानस, जाड तार आणि आरसीसीबी हे सर्व मोजले की मूळ किमतीत बरीच भर पडते. ती भर परवडत नसेल तर यंत्रच परवडत नाही असे समजावे, कारण या यादीतील जी वस्तू वगळली जाते तिची किंमत पुढे हाता-पायांनी मोजावी लागते.

खाऱ्या, दमट हवेत ही यंत्रे झपाट्याने गंजतात. पावसाळ्यात वापर थांबला की साखळी काढून तेलात बुडवून ठेवावी, बॅटरीची टोके कोरड्या फडक्याने पुसावीत आणि महिन्यातून एकदा यंत्र क्षणभर चालवून पाहावे. अशी निगा राखली तर चांगली विजेची करवत बरीच वर्षे साथ देते. कोणते झाड आपण कापायचे आणि कोणते जाणत्यावर सोपवायचे, हे मात्र घरमालकालाच आधी ठरवावे लागते.